प्रशिक्षक कसा पारखावा: मानोलो मार्केझच्या भारतातल्या कामावरून

फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या माणसाला संघ ओळखायला महिना पुरतो, प्रशिक्षक ओळखायला मात्र मोसम जातात. जिंकला की "काय डोकं आहे!", हरला की "हाकला याला". बहुतेकांचं मत एवढ्यावरच थांबतं. मला हे खटकतं, कारण भारतात प्रशिक्षकाच्या कामाचा मोठा भाग गुणतक्त्यात दिसतच नाही. तो दिसतो एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या खेळात, आणि तोही उशिरा. खेळाडू त्या प्रशिक्षकाचा हात सोडून दुसरीकडे गेला की मगच आधीच्या शिकवणीची खरी किंमत कळते, असं माझं ठाम मत आहे. पण तिथवर पोहोचण्याआधी काही गोष्टी क्रमाने कराव्या लागतात.

उदाहरण म्हणून मी स्पेनच्या मानोलो मार्केझचं काम घेतो. हैदराबाद एफसीकडे तीन मोसम, मग २०२३ पासून एफसी गोवा, आणि २०२४-२५ च्या मोसमात जोडीला भारतीय संघाची जबाबदारी. माणूस एकच, पण तिन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी आणि निकालही वेगळे. शिकायला इतकं चांगलं उदाहरण इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) मला तरी दुसरं दिसत नाही.

पायरी १: तो आला तेव्हा संघ कुठे होता, ते आधी लिहा

हैदराबाद एफसी २०१९ मध्ये उभा राहिला तो आपल्या पुण्याच्या जागेवर. एफसी पुणे सिटी बंद झाली आणि लीगमधली तिची जागा हैदराबादला मिळाली. बालेवाडीला सामने पाहिलेल्यांना हे अजूनही सलतं. पहिल्याच मोसमात हैदराबादने १८ सामन्यांत फक्त १० गुण मिळवले. दहा संघांत दहावा क्रमांक. पुढच्या मोसमासाठी आल्बर्ट रोका प्रशिक्षक असणार होता, पण तो बार्सिलोनाला गेला आणि ऑगस्ट २०२० मध्ये मार्केझला बोलावणं आलं.

आता पुढचे आकडे मांडा. २०२०-२१ मध्ये २० सामन्यांत २९ गुण, पाचवा क्रमांक. २०२१-२२ मध्ये ३८ गुण, दुसरा क्रमांक आणि अंतिम सामना जिंकून आयएसएलचं विजेतेपद. २०२२-२३ मध्ये ४२ गुण, पुन्हा दुसरा.

यातल्या पहिल्या मोसमाकडे जरा थांबून बघा. ते २९ गुण ६ विजय, ११ बरोबऱ्या आणि ३ पराभवांतून आले. म्हणजे हा संघ आधी हरायचा थांबला, आणि नंतर जिंकू लागला. तळाचा संघ हातात घेतलेल्या चांगल्या प्रशिक्षकाकडून हाच क्रम अपेक्षित असतो. पहिल्या वर्षी बरोबऱ्या वाढल्या म्हणून नाक मुरडणारे हा टप्पा ओळखत नाहीत.

आकड्यांच्या शेजारी दुसरा रकाना ठेवा: त्या काळात प्रशिक्षकाशिवाय आणखी काय बदललं? २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही मोसम कोरोनामुळे पूर्णपणे गोव्यात झाले, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर, जवळजवळ सगळे सामने प्रेक्षकांविना. घरच्या मैदानाचा फायदा कुणालाच नव्हता. दुसरं म्हणजे २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी पाचऐवजी चारच परदेशी खेळाडू ठेवता येऊ लागले. ज्याच्याकडे तयार भारतीय पोरं होती त्याला हा नियम मानवला, आणि हैदराबादकडे ती होती. याला नशीब म्हणायचं की दूरदृष्टी? माझ्या मते दोन्ही, आणि दोन्ही वहीत लिहायला हवं.

पायरी २: तयार खेळाडूंचं योगदान वजा करा

२०२१-२२ च्या विजेतेपदाची गोष्ट सांगताना बार्थोलोम्यू ऑगबेचेचं नाव आधी येतं. त्या मोसमात त्याचे १८ गोल होते. पण ऑगबेचे काही मार्केझने घडवला नाही. वयाची पस्तिशी ओलांडलेला हा नायजेरियन आघाडीपटू त्याआधी नॉर्थ ईस्टकडे, केरळा ब्लास्टर्सकडे आणि आपल्या मुंबई सिटीकडेही गोल करून आला होता. हैदराबादने साखळी फेरीत ४३ गोल केले, त्यातले सुमारे ४० टक्के त्याचे.

म्हणून लगेच "सगळं ऑगबेचेमुळेच झालं" म्हणायचं का? आधीच्या मोसमात संघाचे एकूण २७ गोल होते आणि त्यातले १० अरिदाने सांतानाचे, म्हणजे तोही परदेशी आघाडीपटूच. मुख्य गोल करणारा दोन्ही वेळा बाजूला काढा: उरलेल्या संघाचे गोल १७ वरून २५ च्या आसपास गेले. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो आणि चहाच्या टपरीवरचे अर्धे वाद मिटवतो. ऑगबेचेने उडी मोठी केली, पण त्याच्याविनाही संघ वर सरकला होता.

पायरी ३: सामना बघताना चेंडूवरून नजर काढा

ही पायरी सगळ्यांत अवघड आहे, आणि सगळ्यांत आनंदाचीही. आपली नजर सवयीने चेंडूमागे धावते. डावपेच मात्र चेंडूपासून वीस-तीस मीटर लांब घडत असतात.

शक्य असेल तर मैदानात जा. अंधेरीच्या किंवा फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये खालच्या रांगेत बसून खेळाडूंचे चेहरे छान दिसतात, डावपेच दिसत नाहीत. वरच्या रांगेत बसा, शक्यतो गोलपोस्टच्या मागे किंवा कोपऱ्यात. तिथून दोन फळ्यांमधलं अंतर दिसतं. टीव्हीवर कॅमेरा चेंडूला चिकटलेला असतो, त्यामुळे गोलकिक, थ्रो-इन, फ्री किक अशा थांबलेल्या क्षणीच संघाची मांडणी नीट पकडता येते.

सुरुवातीला तीनच प्रश्न घेऊन बसा.

पहिला: आपल्या गोलरक्षकाकडे चेंडू आला की काय होतं? तो लांब मारतो, की बचावपटू दोन्हीकडे पसरतात आणि मधल्या फळीतला एक जण खाली येऊन चेंडू मागतो? मार्केझचे संघ सहसा दुसरा मार्ग घेतात. पण फक्त पसरणं पुरेसं नाही. समोरच्याने दाब टाकल्यावरही ते तसंच खेळतात का, ते बघा. घाबरून तिसऱ्या मिनिटापासून लांब फटके सुरू झाले, तर ती पद्धत सरावात मुरलेली नाही.

दुसरा: चेंडू गमावल्यानंतरच्या पाच सेकंदांत सर्वांत जवळचे तीन खेळाडू काय करतात? तिघंही चेंडूकडे झेपावतात, तिघंही मागे पळतात, की एक जातो आणि दोघं बघत राहतात? पहिले दोन पर्याय म्हणजे कुणीतरी शिकवलेलं आहे. तिसरा म्हणजे शिकवलेलं नाही, किंवा शिकवलं पण पचलं नाही. सामन्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांत आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत हे दोनदा मोजा. दमलेल्या पायांनीही टिकते ती शिस्त.

तिसरा: लेफ्ट बॅक आणि राइट बॅक, म्हणजे डाव्या-उजव्या कडेचे बचावपटू, कुठे उभे असतात? मार्केझच्या हैदराबादचं मर्म मला इथे दिसायचं. कागदावर संघ ४-२-३-१: चार बचावपटू, मध्ये दोन, त्यांच्या पुढे तीन आणि एक आघाडीपटू. प्रत्यक्षात चेंडू आपल्याकडे असला की डावीकडून आकाश मिश्रा आणि उजवीकडून आशिष राय थेट समोरच्याच्या हद्दीत, विंगर (कडेने हल्ला करणारे) आत सरकलेले, आणि मध्यभागी खोलवर थांबलेले दोघं मागची राखण करणारे. समोरच्या संघाच्या बाजूच्या बचावपटूला कळत नसे की आत गेलेल्या विंगरला धरावं की कडेने येणाऱ्या मिश्राला. म्हणून टीव्हीवर सामन्याआधी दाखवतात त्या आकड्यांवर फार विसंबू नका. ते उभं राहण्याचे आकडे असतात, खेळण्याचे नसतात.

बदली खेळाडूंबद्दल एक सावधगिरी. २० मार्च २०२२, फातोर्डा, अंतिम सामना. केरळा ब्लास्टर्स १-० ने पुढे. बदली म्हणून उतरलेला गोव्याचा साहिल ताव्होरा ८८ व्या मिनिटाला जबरदस्त फटक्याने बरोबरी साधतो, मग पेनल्टी शूटआऊटमध्ये गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी फटके अडवतो आणि हैदराबाद ३-१ ने जिंकतो. सुंदर रात्र! पण एवढ्यावरून "मार्केझचा बदल म्हणजे मास्टरस्ट्रोक" असं लिहू नका. तोच फटका बारवर आदळला असता तरी बदल तोच राहिला असता. बदल कधी केला, कुणाच्या जागी केला, आणि त्यानंतर संघाला जागा कुठे मिळू लागली, हे बघा. गोल झाला की नाही हा त्यानंतरचा प्रश्न.

याची दुसरी बाजूही त्याच मैदानावर बघायला मिळाली. २४ एप्रिल २०२४, उपांत्य फेरीचा पहिला सामना. मार्केझचा एफसी गोवा ९० व्या मिनिटापर्यंत मुंबई सिटीविरुद्ध २-० ने पुढे होता. मग मुंबईचे छांगटे, विक्रम प्रताप सिंग आणि पुन्हा छांगटे असे तीन गोल झाले आणि गोवा ३-२ ने हरला. मुंबईकरांसाठी अविस्मरणीय, गोंयकारांसाठी काळजाला लागणारा. असा सामना नंतर बघायचा तर ८० व्या मिनिटापासून बघा. गोव्याची बचावफळी किती मागे सरकली? चेंडू मिळाल्यावर ते तो सांभाळत होते की नुसता उडवत होते? आघाडी राखण्याची सवय ही प्रशिक्षकाने लावायची गोष्ट आहे, त्यामुळे त्या सहा-सात मिनिटांतला त्याचा वाटा मी नाकारत नाही. मात्र त्याच मोसमात याच संघाने साखळीत २२ सामन्यांत ४५ गुण मिळवून तिसरा क्रमांक घेतला होता. दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी राहू द्या.

पायरी ४: खेळाडू "सुधारला" म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

"अमक्याने तरुणांना संधी दिली" हे वाक्य फार स्वस्त झालंय. ८७ व्या मिनिटाला, ३-० ने पुढे असताना मैदानावर पाठवणं ही संधी नव्हे. मी चार गोष्टी बघतो.

मिनिटं. मोसमभरात बावीस वर्षांखालच्या भारतीय खेळाडूंना एकूण किती मिनिटं मिळाली, आणि ती कोणत्या सामन्यांत. आकाश मिश्रा इंडियन ॲरोज या भारतीय फुटबॉल महासंघाच्या तरुणांच्या संघातून हैदराबादला आला तेव्हा अजून एकोणीसचाही नव्हता. मार्केझने त्याला पहिल्याच मोसमात लेफ्ट बॅकची जागा दिली आणि जवळपास प्रत्येक सामन्यात कायम ठेवलं. मार्च २०२१ मध्ये दुबईत ओमानविरुद्ध तो भारताकडून पहिला सामना खेळला.

चुकीनंतरचा सामना. माझ्या लेखी ही सर्वांत बोलकी कसोटी. तरुण बचावपटूच्या चुकीने गोल गेला, तर पुढच्या सामन्याच्या अकरा जणांत तो आहे का? प्रशिक्षकाचा स्वभाव पत्रकार परिषदेत नाही, त्या पुढच्या यादीत कळतो.

भूमिका. आपल्या मुंबईच्या निखिल पुजारीचं उदाहरण घ्या. तो विंगर म्हणून खेळत आलेला. २०२२ मध्ये आशिष राय मोहन बागानला गेला आणि राइट बॅकची जागा मोकळी झाली. मार्केझने बाहेरून कुणी आणण्याऐवजी पुजारीला तिथे बसवलं. पंचविशी ओलांडलेल्या खेळाडूला नवी जागा शिकवणं जोखमीचं असतं: कधी पुढे जायचं, कधी थांबायचं, मागून धावणाऱ्याकडे कशी नजर ठेवायची, सगळं नव्याने. २०२३ मध्ये पुजारी भारतीय संघाकडून राइट बॅक म्हणूनच खेळला.

वय. इथे बहुतेक जण फसतात. अठरा ते बावीस या वयात खेळाडू आपोआपही वाढतो, ताकद येते, अंदाज येतो. म्हणून त्याची तुलना त्याच वयाच्या, त्याच अकादमीतून निघून दुसऱ्या क्लबांत गेलेल्या मुलांशी करा. आणि मोठ्या वयात बदललेला खेळाडू दिसला की अधिक लक्ष द्या, कारण तिथे नुसत्या वाढीचं स्पष्टीकरण पुरत नाही. लालियानझुआला छांगटे मुंबई सिटीत २०२२ च्या सुरुवातीला आला तेव्हा आयएसएलमध्ये अनेक मोसम काढून बसला होता: वेग अफाट, शेवटचा पास आणि फटका कच्चा. प्रशिक्षक डेस बकिंगहॅमच्या हाताखाली २०२२-२३ मध्ये त्याने १० गोल केले आणि लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार घेतला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑक्सफर्ड युनायटेडला गेला, छांगटेचा फटका मात्र शाबूत राहिला. वर सांगितलेल्या फातोर्ड्याच्या सामन्यातले दोन गोल त्यानंतरचे.

पायरी ५: श्रेय वाटा

थोडक्यात सांगतो. मिश्रा आणि राय दोघंही इंडियन ॲरोजमध्ये खेळून आलेले. हैदराबादमध्ये मार्केझसोबत थांगबोई सिंगटो होता, ज्याने अनेक वर्षं तरुण खेळाडूंवर काम केलं आहे. पुण्याचा जय गुप्ता एफसी गोव्यात आला तो पोर्तुगालमध्ये शिकून. मुख्य प्रशिक्षक हा या साखळीतला शेवटचा हात असतो. तो महत्त्वाचा असतो, कारण खेळवायचं की नाही हे तोच ठरवतो, पण पहिला तो नसतो.

पायरी ६: खेळाडू निघून गेल्यावर बघा

आता मुख्य कसोटी. दवर्लीचा लिस्टन कुलासो एफसी गोव्यात असताना फारसा मैदानावर दिसत नसे. जानेवारी २०२० मध्ये तो हैदराबादला गेला, २०२०-२१ चा मोसम मार्केझकडे खेळला, आणि २०२१ मध्ये मोहन बागानने त्याला पैसे मोजून नेलं. तिथे दुसऱ्या प्रशिक्षकाकडे, दुसऱ्या पद्धतीत तो पहिल्याच मोसमात अधिक गोल करू लागला. आशिष राय तिथेच जाऊन विजेत्या संघाचा भाग झाला. मिश्रा २०२३ मध्ये मुंबई सिटीत आला. तिघंही मोठ्या संघांत गेले आणि बाकावर बसून राहिले नाहीत. याचा अर्थ मार्केझने त्यांना फक्त स्वतःच्या साच्यात बसवलं नव्हतं, कुठेही चालेल असं काही दिलं होतं. काही प्रशिक्षकांचे खेळाडू त्यांच्याच पद्धतीत चमकतात आणि बाहेर पडले की हरवतात. फरक कळतो तो इथेच.

स्वतंत्र साक्ष शोधा. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध सुनील छेत्रीचा निरोपाचा सामना झाला. संघ निवडला होता भारताचा तेव्हाचा प्रशिक्षक इगोर स्टिमाचने, मार्केझने नव्हे. त्या अकरा जणांत राइट बॅक पुजारी, लेफ्ट बॅक जय गुप्ता आणि पुढे कुलासो होते. (पुजारी आणि राहुल भेके मुंबईचे, गुप्ता पुण्याचा. चार बचावपटूंपैकी तीन महाराष्ट्राचे, हे सांगताना मला आजही अभिमान वाटतो.) याउलट एफसी गोव्याचा ब्रायसन फर्नांडिस मार्केझकडे खुलला हे खरं, पण त्याला भारतीय संघात घेतलं ते मार्केझनेच. ती निवड पुरावा म्हणून धरताना हात आखडता ठेवा.

क्लबचं पुढे काय झालं, हा मात्र फसवा पुरावा. मार्केझ गेल्यावर २०२३-२४ मध्ये हैदराबाद २२ सामन्यांत एकच विजय मिळवून तळाला गेला. पण त्या वर्षी क्लबवर खेळाडूंच्या थकबाकीचं संकट होतं, नवे खेळाडू घेण्यावर बंदी होती आणि जुने सोडून गेले. ती पडझड एका माणसाच्या जाण्याने झाली असं लिहिणं अन्यायाचं ठरेल.

पायरी ७: काम बदललं की माप बदला

जुलै २०२४ मध्ये मार्केझ भारताचा प्रशिक्षक झाला आणि वर्षभरात पायउतार झाला. ८ सामने, १ विजय, ४ बरोबऱ्या, ३ पराभव. पाच गोल, त्यातले तीन मालदीवविरुद्ध. आशियाई चषक पात्रतेत बांगलादेशशी घरच्या मैदानावर ०-० आणि हाँगकाँगकडून भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर पराभव. त्याच मोसमात त्याचा एफसी गोवा लीगमध्ये दुसरा आला आणि मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप जिंकला.

मग तो चांगला की वाईट? हा प्रश्नच असा विचारू नका. क्लबमध्ये त्याला पोरं रोज सकाळी मिळतात, महिनोनमहिने मिळतात. राष्ट्रीय संघात मिळतात मोजके दिवस, तेही लीगच्या मधोमध, आणि यावेळी दोन नोकऱ्या एकाच वेळी. गोल करणारा भारतीय आघाडीपटू मिळेना म्हणून चाळिशीतल्या छेत्रीला निवृत्तीतून परत आणावं लागलं. ही उणीव त्याच्या येण्याआधी कित्येक वर्षं साचत होती. पण मोजक्या दिवसांत जमेल अशी एखादी सोपी, ठरलेली हल्ल्याची रीत संघात दिसायला हवी होती, ती दिसली नाही. तो दोष मी त्याच्याच नावावर लिहितो. रोजच्या सरावातून माणसं घडवणारा हा प्रशिक्षक आहे, आणि ज्या कामात रोजचा सरावच नाही तिथे त्याचं बळ वापरलं गेलं नाही.

सुरुवात कशी कराल

सगळा संघ एकदम हातात घेऊ नका. तुमच्या संघातला बावीस वर्षांखालचा एक खेळाडू निवडा, शक्यतो बचावपटू किंवा मधल्या फळीतला. आघाडीच्या खेळाडूंचे गोल डोळ्यांना भुलवतात. दर सामन्याला चार ओळी लिहा: किती मिनिटं, कोणत्या जागी, दाब आल्यावर चेंडू पुढे दिला की मागे, आणि चूक झाली तर पुढच्या सामन्यात तो कुठे होता. दर पाच सामन्यांनी मागची पानं चाळा. मोसम संपल्यावर प्रशिक्षक बदलला किंवा खेळाडू दुसऱ्या क्लबला गेला, तर वही बंद करू नका. तिथून पुढचं अर्धं वर्ष त्याच चार ओळी लिहीत राहा.